बाईंची पोळी

फ्रँकफर्ट सोडताना मैत्रिणींनी मला निरोपाचं जेवण दिलं. त्यात प्रत्येकीने एकदा तरी "मस्त फ्रेश हवा मिळेल गं" असं म्हटलं. त्यांतली एकही इकडे राहायला येणार नव्हती. फ्रेश हवेला शेणाचा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून आंबवलेल्या गवताचा वास असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा मलाही नव्हतं.

माझी नोकरी नुकतीच गेली होती. कंपनीने आमची अख्खी टीमच बंद केली. त्याच सुमाराला नवऱ्याला फोगेल्सबेर्गच्या डोंगराळ भागात, गवत कापायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मनासारखं काम मिळालं. तो मेकॅनिकल इंजिनियर, यंत्र दिसलं की हरखणारा. "वर्षभर बघू," तो म्हणाला, "नाहीच जमलं तर परत येऊ." आमच्या घरात 'बघू' म्हणून आणलेली कुठलीच वस्तू आजवर परत गेलेली नाही, हे मी लक्षात ठेवायला हवं होतं.

एका शेतघराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खालच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्या राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे, पायात कायम गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. नवरा वारलेला, मुलगा ड्युसेलडॉर्फला कुठल्याशा ऑफिसात. तीस-बत्तीस गायी, त्यांची वासरं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल तिथपर्यंत तारेच्या कुंपणाची कुरणं. पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने विचारलं, दूध रोज तुमच्याकडून घेतलं तर चालेल का? म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "दूध सुपरमार्केटमध्ये मिळतं. हे वासरांचं आहे."

या गायी दुधाच्या नव्हत्याच, मांसाच्या होत्या, हे मला पहिल्या पानगळीत कळलं. मोठी झालेली वासरं ट्रकमधून गेली आणि त्यानंतर तीन दिवस गायी कुंपणाशी उभ्या राहून हंबरत होत्या. मी खिडक्या बंद केल्या, मिक्सर लावला, टीव्ही लावला. सासूबाईंचा पुण्याहून फोन आला, त्यांनाही तो आवाज ऐकू गेला. "गायींच्या सहवासात राहतेस, पुण्यवान आहेस हो," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "हो आई, इथे खूप शांत आहे." दुसरं काय सांगणार होते?

दुकान नऊ किलोमीटरवर, बस दिवसातून तीनदा, आणि ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत धुकं. दुपारी चारला अंधारून यायचं. नवरा कारखान्यात रमला. बारा वर्षांची मुलगी तर महिन्याभरात गावचीच झाली. तिला ट्रॅक्टरच्या आवाजावरून कोण चाललंय ते कळायचं. मी मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि तेही इतकं गावठी जर्मन की मला अर्धंच समजे. मी अर्ज पाठवत होते, नकार वाचत होते आणि उरलेल्या वेळात खिडकीशी उभी राहत होते. मला तिथे अजिबात आवडत नव्हतं. हे मी कुणालाच स्पष्ट सांगितलं नाही, कारण सगळेच खूश होते.

दिवसभरात माझ्याशी बोलणारं बाहेरचं माणूस म्हणजे खालची म्हातारी. बोलणं म्हणजे तरी काय, ती दिसली की "ना?" म्हणायची. या एका "ना"मध्ये कशी आहेस, थंडी आहे, मुलगी शाळेत गेली का, असं सगळं यायचं. लाकडाची शेगडी धूर न करता कशी पेटवायची ते तिने मला गुडघ्यांवर बसून दाखवलं. दर शनिवारी दहा अंडी घेऊन वर यायची, बोटाच्या सांध्याने दारावर दोनदा ठोकायची आणि "आयर!" म्हणायची, म्हणजे अंडी. मी दार उघडायचे, दोन मिनिटं हवापाण्याचं बोलायचो. त्या दोन मिनिटांसाठी मी शुक्रवारी केस धुवायचे, हे आता लिहायला हरकत नाही.

आणि दुसरी सोबत होती ती एका गायीची. तांबूस रंग, एक शिंग जरा वाकडं, वय चौदा. कळपातल्या बाकीच्या गायी तिला ढकलायच्या, म्हणून म्हातारीने तिला अंगणाला लागून वेगळा आडोसा केला होता. कानात नंबरचा पिवळा बिल्ला होता, पण नंबराने हाक कशी मारणार? मी तिला 'बाई' म्हणायचे. तिच्यावर म्हातारीच्या नवऱ्याचा जीव होता. जन्मताना ती अडली होती, त्याने स्वतः ओढून काढलेली. तो गेला तेव्हा म्हातारीने ठरवलं की ही ट्रकमध्ये चढणार नाही. "ही इथेच मरेल," तिने मला एकदा सांगितलं, "तिच्या वेळेला." त्या तीसेक गायींत एवढी एकच अशी होती.

आमच्याकडे पहिली पोळी गाईची. पुण्यात फ्लॅटमध्ये गाय कुठली, आई ती पोळी बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी कुणीतरी खाऊन टाकायचं. फ्रँकफर्टमध्ये मी तेही सोडून दिलं होतं. इथे खिडकीखाली साक्षात गाय उभी. मग रोज सकाळी पहिली पोळी घेऊन मी खाली जायला लागले. कुंपणावर 'कृपया खायला घालू नये' अशी जर्मनमध्ये स्वच्छ पाटी होती. पण पुण्यात वाढलेल्या माणसाला पाटी वाचून पुढे जायची सवय असते. ती पाटी मी फिरायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी आहे असं धरून चालले. मी काय, घरचीच.

बाई माझी वाट बघायच्या. पोळी घेताना त्यांची खरखरीत जीभ मनगटापर्यंत यायची. मी त्यांना सगळं मराठीत सांगायचे, आलेला नकार, मुलीचं तोडून बोलणं, फ्रँकफर्टच्या घरातली सकाळी ऊन येणारी खिडकी. त्या रवंथ करत ऐकायच्या. वसुबारसेला मी त्यांना कुंपणापलीकडून ओवाळलंसुद्धा. त्या निरांजनाकडे संशयाने बघत होत्या.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी फ्रँकफर्टच्या मंडळींना जेवायला बोलावलं. इथे दिवाळी पंचांगाप्रमाणे येत नाही, सगळ्यांच्या सोयीच्या शनिवारी येते. तो शनिवार नोव्हेंबरमधला निघाला. बावीस माणसं. मी तीन दिवस राबले. दोन मोठी पातेली भात, कटाची आमटी, बटाट्याची भाजी आणि पन्नास पुरणपोळ्या. फ्रँकफर्टहून डाळ मागवलेली, गूळ मागवलेला. वर्षभरात पहिल्यांदा मी स्वयंपाक करताना गुणगुणत होते.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ग्रुपवर पहिला मेसेज आला. धुकं आहे, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरण्याचा इशारा आहे, लहान मुलं बरोबर, रिस्क नको. दहा वाजेपर्यंत बाविसांचे बावीस गळाले होते. "नेक्स्ट टाइम नक्की," आणि खाली हात जोडलेले, दिवे, फुलं. नवरा म्हणाला, "बरोबर आहे गं त्यांचं, म्हणजे, एवढ्या लांब..." तेवढ्यात कारखान्यातून फोन आला आणि तो गेला. तो निघण्याआधी आम्ही तिघांनी मिळून पाच पोळ्या संपवल्या असतील.

फ्रीझर होता. गावात पंधरा घरं होती, डबे भरून देता आले असते. आज हे सगळं सुचतं. पण तेव्हा मी इतकी चिडले होते, आणि चिडण्याच्या खाली इतकी दुखावले होते, की ते अन्न मला डोळ्यांसमोर नको होतं. टाकणं शक्यच नव्हतं, अन्न टाकायचं नाही हे हाडात मुरलेलं. गाईच्या मुखी घालावं, एवढंच आठवलं. म्हातारी इथल्या रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या थडग्यावर हिवाळ्यासाठी फांद्या अंथरायला दफनभूमीत गेली होती. दुपारी तीनच्या सुमाराला मी भाताची दोन्ही पातेली आणि सगळ्या पुरणपोळ्या खाली नेल्या आणि बाईंसमोरच्या घमेल्यात ओतल्या.

त्यांनी घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मी त्यांच्या मानेला डोकं टेकून रडले. वर्षभरात माझ्या हातचं कुणी इतक्या आवडीने खाल्लं नव्हतं. निघताना वर पाहिलं तर मुलगी खिडकीत उभी होती.

रविवारी सकाळी खाली गाडीचं दार वाजलं म्हणून मी उठले. खिडकीतून जनावरांचा डॉक्टर दिसला. बाई खाली बसल्या होत्या, मान लांब करून. डावी कूस फुगलेली. त्या रवंथ करत नव्हत्या. वर्षभर रोज बघत असल्याने मला ते वरूनच कळलं.

मी थर्मासभर कॉफी केली आणि खाली नेली. सांगायलाच निघाले होते, असं मी स्वतःला अजून सांगते.

डॉक्टर उंच, अर्धवट झोपेतला माणूस होता. तो म्हातारीला विचारत होता, "काही वेगळं खाल्लंय का हिने? धान्य? भुसा?" म्हातारी म्हणाली, "नाही. धान्याच्या खोलीला कुलूप आहे. हिला फक्त सुकं गवत." तिने मान हलवून ठामपणे सांगितलं. मग डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम नाही, मी समोर होते म्हणून. माझ्या डोक्यात एकदम किती गोष्टी आल्या. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं जनावरांना घालणं इथे कायद्याने बंद आहे, असं गावातल्या कुणीतरी मला पूर्वी एकदा सांगितलं होतं. आता दंड होईल, घर सोडायची नोटीस मिळेल, नवऱ्याच्या कारखान्यात कळेल. आणि म्हातारी पुन्हा कधी दार ठोकणार नाही. मी कपात कॉफी ओतली आणि डॉक्टरला विचारलं, "साखर घालू का?"

तो नको म्हणाला. गवताबरोबर तारेचा तुकडा पोटात गेला असावा, असा त्याने अंदाज केला. इंजेक्शन दिलं, तार धरून ठेवायला एक लोहचुंबक घशातून पोटात सोडलं आणि संध्याकाळी परत येतो म्हणून गेला.

वर येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खिडकीशी जाऊन खाली बघून आला. मग म्हणाला, "थांब जरा. औषध दिलंय ना? ती बरी झाली तर उगाच कशाला सांगायचं?" मला तेच ऐकायचं होतं. मी त्याच्यावर नंतर पुष्कळ खापर फोडलं, पण खरं सांगायचं तर तो नुसता माझ्याच मनातलं बोलला.

सकाळ गेली. मी दर पाच मिनिटांनी खिडकीशी. म्हातारी आत-बाहेर करत होती, बाईंच्या अंगावर गोणपाट टाकत होती, कूस चोळत होती. दुपारी जेवायला बसलो. ताटात आदल्या दिवशीची आमटी होती. मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, भाताचं डॉक्टरला सांगितलंस ना?"

मी म्हणाले, "जेव गुपचूप."

तिने चमचा खाली ठेवला. उठली, दाराशी जाऊन बूट घालायला लागली. मग मराठीत बोलली, मोडकंतोडकं, पण मराठीत. "तू नाही, तर मी सांगते."

मी तिला बाजूला केलं आणि जिना उतरले. दीड वाजला होता.

सरकारी ऑफिसातल्या खिडक्यांवर भांडायला पुरणारं माझं जर्मन त्या अंगणात एकदम आटलं. मी हातांनी पातेल्याचा आकार दाखवला. एवढं, दोन. भात. आणि गोड डाळीच्या पोळ्या, पंचेचाळीस. म्हातारीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती घरात गेली आणि डॉक्टरला फोन लावला. तो सुट्टीच्या दिवशी पाऊण तासात परत आला. नळी घातली, आंबलेलं पाणी बाहेर आलं, त्याचा वास अंगणभर पसरला. नंतर तो उठला, हात पुसले आणि आमच्या दोघींकडे न बघता म्हणाला की एवढा भात आणि गूळ पोटात आंबून आम्ल झालं, ते रक्तात गेलंय. सकाळी कळलं असतं तर पोट धुतलं असतं, नाहीतर कापून रिकामं केलं असतं. आता तिचे हाल करण्यात अर्थ नाही.

म्हातारी पालथ्या बादलीवर बसली आणि बाईंच्या मानेवर हात ठेवून राहिली. डॉक्टरने शेवटचं इंजेक्शन दिलं. फार वेळ लागला नाही.

डॉक्टर गेल्यावर मी तिथेच उभी होते. क्षमा मागायचे सगळे जर्मन शब्द मी एकापाठोपाठ एक वापरले. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक. मग तिने विचारलं, "केव्हा घातलंस?"

"काल. तीन वाजता."

"रोजची एक पोळी मला माहीत होती," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरातून दिसतं. एकीने काही होत नाही. मला वाटायचं, बोलू दे तिला, तिला इथे दुसरं कोण आहे." आवाज चढलेला नव्हता. "काल तू घातलंस ते तुला कळलं नाही, म्हणून. बरोबर. ते मला समजतं." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पण सकाळी सात वाजता तू इथे होतीस. तिथे, खांबापाशी. हातात कॉफी होती."

मी हो म्हणाले.

ती उठली, बादली उचलली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी मेलेली जनावरं नेणारी गाडी आली. तोवर बाई रस्त्याकडेला हिरव्या ताडपत्रीखाली होत्या. मुलगी शाळेच्या बसची वाट बघत त्यांच्याशेजारी उभी होती. मी वरून बघत होते. त्या सबंध गोठ्यात खाटकाकडे न जाणारी एकच गाय होती, आणि ती मी मारली. गायीला आई म्हणणाऱ्या घरातली, आयुष्यात कधी मांसाला हात न लावलेली मी. हे वाक्य मनात म्हणून म्हणून गुळगुळीत झालंय, पण टोचायचं थांबत नाही.

दंड झाला नाही, नोटीसही आली नाही. म्हातारीने कुणाला काही सांगितलं असं वाटत नाही, कारण गावात सगळे पूर्वीसारखेच बोलतात. नवरा म्हणतो, जवळच्या फुल्डा शहरात घर बघू, तुला बरं वाटेल. मी नको म्हणते. सासूबाई फोनवर विचारतात, "गाईला पोळी घालतेस ना गं?" मी "हो आई" म्हणते. सवयीने पहिली पोळी अजून बाजूला निघते, आणि संध्याकाळपर्यंत वाळून कडक होते.

अंडी मात्र अजून येतात. दर शनिवारी, दहाच्या दहा. मला जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. दोन पायऱ्या, एक थांबा, गुडघे दुखतात तिचे. मी दाराच्या आतल्या बाजूला उभी असते. खोका खाली ठेवल्याचं कळतं. ती ठोकत नाही. या वेळी आपणच दार उघडायचं, काहीतरी बोलायचं, असं मी शुक्रवारी ठरवलेलं असतं, मनात जर्मन वाक्यंसुद्धा जुळवून ठेवलेली असतात. कडीवर हात ठेवून मी उभी राहते, आणि तिचे बूट खालच्या पायरीवर पोहोचेपर्यंत गप्प राहते.